वशिल्याचा श्वास

1 मे 2021, शनिवार. इकडे महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन मोजक्या माणसांत, तोंडावर पट्ट्या बांधून उरकले जात होते. तिकडे दक्षिण दिल्लीत, तुघलकाबादच्या बत्रा रुग्णालयात भर दुपारी प्राणवायूची टाकी रिकामी झाली. टँकर वाटेत होता. तो पोहोचेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला, आणि बारा रुग्ण गेले. त्या बारांत त्याच रुग्णालयाच्या पोटविकार विभागाचे प्रमुख डॉ. आर. के. हिमथानी होते. ज्यांना त्या इमारतीतला प्रत्येक वॉर्डबॉय नावाने ओळखत होता, ज्यांच्यासाठी तिथल्या कोणीही जिवाचे रान केले असते, त्यांनाही श्वास पुरला नाही. त्याच दिवशी, सुट्टी असूनही, दिल्ली उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसून प्राणवायूचाच खटला ऐकत होते. संसद भवनापासून मोटारीने तासाभराच्या आत येणाऱ्या ठिकाणची ही गोष्ट आहे.

प्राणवायू का संपला, यावर तेव्हा रकानेच्या रकाने भरले. दिल्ली रोज 700 टन मागत होती, वाटणीला 480-490 टन येत होता आणि प्रत्यक्ष दारात त्याहूनही कमी पोहोचत होता. पानिपतचा टँकर हरियाणात अडतो, मोदीनगरचा उत्तर प्रदेशात अडतो, अशी गाऱ्हाणी न्यायालयात मांडली जात होती. केंद्र म्हणे, दिल्लीने टँकरांची सोय केली नाही. दिल्ली म्हणे, केंद्राने कोटा दिला नाही. दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवत असताना मधल्या मध्ये माणूस गुदमरत होता. हा गुन्हा आहेच. पण त्या गुन्ह्याच्या धुराळ्यात दुसरा एक गुन्हा साफ दडून गेला, आणि आज आम्हाला त्याचीच उलटतपासणी करायची आहे. खाटा कमी होत्या, व्हेंटिलेटर कमी होते, प्राणवायू कमी होता. मग जे काही होते, ते कोणाला मिळाले? का मिळाले? आणि हे ठरवले कोणी?

कोणीच ठरवले नाही, असे सांगू नका. रुग्ण दहा आणि खाट एक असेल, तर निवड होतेच. ती आयसीयूच्या दारात झाली, कॅज्युअल्टीच्या पायरीवर झाली, रुग्णवाहिकेत झाली आणि बहुतेक वेळा फोनवर झाली. फक्त ती निवड केली असे म्हणायला आजवर एकही अधिकारी, एकही मंत्री, एकही संचालक पुढे आलेला नाही. एप्रिल-मे 2021 मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांच्या हातात, अखेरची खाट कोणाला द्यायची हे सांगणारा, सरकारी सहीशिक्क्याचा, लोकांना जाहीर केलेला आणि कायद्याचे पाठबळ असलेला एक कागदही नव्हता. सरकारने निवडीचे ओझे उचलले नाही, तेव्हा ते घसरत घसरत खाली आले आणि शेवटी रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या डोक्यावर येऊन आदळले. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी किंवा पोरगा, अंगात पीपीई किटचा घाम, चोवीस तास पाठ टेकलेली नाही, आणि त्याने एकट्याने ठरवायचे की अकरा नंबरची बाई की चौदा नंबरचा मुलगा. हे धैर्य नव्हे. ही त्या पोराची फसवणूक आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते, निवड म्हणजे व्हेंटिलेटर लावणे किंवा न लावणे. आत शिरून पाहा. नाकातून जोरात प्राणवायू सोडणारे जे हाय-फ्लो यंत्र असते, ते एका रुग्णाला मिनिटाला 60 लिटरपर्यंत देते. पिशवीवाला मुखवटा 10 ते 15 लिटरवर चालतो. म्हणजे एका माणसाला हाय-फ्लोवर ठेवायचे, तर चार-पाच माणसांच्या मुखवट्यांचा वायू एकट्याला जातो. टाकीचा काटा खाली येऊ लागला की नळ कोणाचा कमी करायचा? ऑक्सिमीटरवर 96 दिसले पाहिजे म्हणून अट्टहास धरायचा, की 91 वर समाधान मानून उरलेला वायू शेजारच्या खाटेला द्यायचा? बोटाने एक खुंटी अर्धा वेढा फिरवायची, एवढेच काम. पण त्या अर्ध्या वेढ्यात धर्मशास्त्राची, नीतिशास्त्राची आणि राज्यघटनेची सगळी पाने उलटतात. दिल्लीच्या शेकडो वॉर्डांत ती खुंटी त्या दिवसांत फिरत होती, आणि तिच्यामागे नियम कोणता, असे विचारले तर उत्तर नव्हते.

जिथे नियम नसतो तिथे वशिला बसतो. दिल्लीत तर तो पाट मांडूनच बसलेला असतो. एप्रिल 2021 च्या अखेरीस चाणक्यपुरीच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी हुकूम काढला: अशोका हॉटेलातल्या शंभर खोल्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, न्यायालयीन अधिकारी आणि त्यांची कुटुंबे यांच्या कोविड उपचारांसाठी राखून ठेवाव्यात. लोक रुग्णालयांच्या फाटकांवर मरत होते आणि त्याच शहरात हा कागद टाइप होत होता! न्यायालयाची अब्रू अशी की लागलीच खंडपीठाने आपणहून दखल घेतली, असली सोय आम्ही मागितलेली नाही म्हणून फटकारले, आणि हुकूम मागे घेतला गेला. न्यायालयाने नाकारली म्हणून ती निवड लोकांना दिसली. ज्यांनी नाकारली नाही, त्यांच्या खोल्यांचे हुकूम कोणी पाहिले? खासदाराचा स्वीय सहायक, मंत्रालयातला सहसचिव, पोलिस ठाण्याचा अंमलदार, वाहिनीवरचा वार्ताहर, या सगळ्यांच्या फोनांनी त्या महिन्यात किती खाटा इकडच्या तिकडे केल्या, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही. आणि वाचकहो, आपणही हात वर करून साळसूद होऊ नये. आपल्या माणसासाठी आपणही ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळवलाच होता. ज्याचा जीव टांगणीला लागला आहे, त्याने फोन फिरवावा, यात पाप नाही. ज्या व्यवस्थेत फोन फिरवल्यावाचून खाट मिळत नाही, ती व्यवस्था पापी आहे.

वशिल्याचा सख्खा भाऊ पैसा. जून 2020 मध्ये केंद्र सरकारच्या समितीने दिल्लीच्या खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले. व्हेंटिलेटरसह आयसीयूची खाट दिवसाला 15,000 ते 18,000 रुपये. याला तेव्हा दिलासा म्हटले गेले, आणि त्याआधीच्या बिलांच्या मानाने तो दिलासा होताही. पण दिल्लीत अकुशल कामगाराचे महिन्याचे किमान वेतन तेव्हा पंधरा हजारांच्या घरात होते. एका दिवसाच्या श्वासाला एका महिन्याची मजुरी, तीही सरकारने दर उतरवून दिल्यावर! सवलतीच्या सरकारी जमिनीवर उभ्या राहिलेल्या खासगी रुग्णालयांनी दहा टक्के खाटा गरिबांना फुकट द्यायच्या, हा निवाडा दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. आमचा साधा प्रश्न आहे. त्या एप्रिल महिन्यात, प्रत्येक रुग्णालयाच्या आयसीयूतली दहावी खाट कोणाच्या अंगाखाली होती? नावे नकोत, केवळ आकडा सांगा.

आणि मग हद्द. राजधानी परिसर म्हणजे एकच शहर, मधून रेघा मारलेले. माणूस राहतो गाझियाबादेत, राबतो दिल्लीत, आजारी पडतो नोएडात. विषाणूला यमुनेचा पूल ओलांडायला पास लागला नाही, रुग्णाला लागला. 7 जून 2020 रोजी दिल्ली सरकारने ठराव केला की आपली आणि खासगी रुग्णालये केवळ दिल्लीकरांसाठी. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपाल अनिल बैजल यांनी तो फिरवला. यात नवे काहीच नव्हते. 2018 मध्ये गुरू तेगबहादूर रुग्णालयात दिल्लीकरांसाठी 80 टक्के खाटा राखण्याचा असाच घाट घातला होता आणि उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला होता. न्यायालयाने एकदा कान उपटल्यावरही तोच खेळ पुन्हा मांडावा, याला राजकारण म्हणतात. 7 जूनच्या त्या ठरावाच्या दोनच दिवस आधी, नोएडा-गाझियाबादच्या रस्त्यांवर आठ महिन्यांची एक गरोदर बाई तेरा तास रुग्णवाहिकेत फिरत होती. आठ रुग्णालयांनी दार लावले. ती रुग्णवाहिकेतच गेली. त्या आठ दारांवर ‘खाट नाही’ हे दोन शब्द सोडून दुसरा नियम कुठे लिहिलेला होता? 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की जीव धोक्यात असलेल्या माणसाला हात लावण्याआधी डॉक्टरने कागदपत्रे पाहत बसू नये. 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या शेतमजूर समितीच्या खटल्यात तेच न्यायालय म्हणाले की खाट नाही हे सरकारचे उत्तर होऊ शकत नाही, आणि रेल्वेतून पडलेल्या एका जखमी मजुराला दारोदार फिरवल्याबद्दल 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. निवाडे आहेत. रुग्णवाहिकेतल्या बाईला ते वाचता आले नाहीत, एवढेच.

ज्याला आपण ‘आधी येईल त्याला’ म्हणतो, तो तरी न्याय आहे का? वरून पाहता किती गोरागोमटा नियम! पण आधी कोण येतो? ज्याच्या घरी गाडी आहे तो. ज्याला इंग्रजीत वेबसाइट उघडून खाटांचा तक्ता पाहता येतो तो. ज्याला पहिल्या तापातच चाचणी करून घेता आली तो. गाझियाबादच्या खोडा वस्तीतला रिक्षावाला मुळातच दोन दिवस उशिरा येतो, कारण दोन दिवस तो ताप अंगावर काढून रिक्षा ओढत असतो. आधी येणाऱ्याला आधी, हा नियम म्हणजे श्रीमंताला आधी, हाच नियम स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात.

वयाचे काय? 1 जून 2021 रोजी, लाट ओसरत असताना आणि काळ्या बुरशीच्या रुग्णांना ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध पुरत नसताना, दिल्ली उच्च न्यायालयाने हा प्रश्न प्रथम मोकळेपणाने ओठांवर आणला. औषध सर्वांना पुरत नसेल तर ते आधी कोणाला द्यायचे याचे धोरण करा, असे न्यायालयाने केंद्राला सांगितले आणि तरुणांना आधी द्यावे, असा आपला कल बोलून दाखवला. म्हाताऱ्यांनी आपले आयुष्य जगून घेतले आहे, असा त्या बोलण्याचा सूर होता. त्या न्यायमूर्तींचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. कारण मंत्रिमंडळे जे तोंडातून काढायला धजली नाहीत, ते त्यांनी भर न्यायालयात काढले. पण त्यांचा कल आम्हाला मान्य नाही. पासष्ट वर्षांची विधवा धुणीभांडी करून दोन नातवंडांना पोसते आणि तिचा बत्तीस वर्षांचा मुलगा दारूत बुडालेला आहे. यांतले कोणाचे आयुष्य ‘जगून झालेले’? ही मोजणी डॉक्टरने करायची नसते, न्यायाधीशाने नाही, आणि संपादकाने तर मुळीच नाही. डॉक्टरला एकच गोष्ट मोजता येते: या खाटेचा या शरीराला उपयोग होण्याची शक्यता किती. फुप्फुसे किती शाबूत आहेत, मूत्रपिंड चालते का, यंत्राचा मार हे शरीर सोसेल का. वय त्या हिशेबात एक आकडा म्हणून येईल, येणारच. पण वय पाहून माणसाची किंमत करणे वेगळे आणि वय लक्षात घेऊन उपचाराचा अंदाज बांधणे वेगळे. पहिल्याला आम्ही अन्याय म्हणतो; दुसऱ्याला वैद्यकी. या दोहोंमधली रेघ कागदावर ओढल्याशिवाय ती रात्री दोन वाजता थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

ती रेघ इतरांनी ओढून पाहिली. मार्च 2020 मध्ये इटलीच्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता डॉक्टरांच्या संस्थेने लिहून टाकले की आयसीयूसाठी वयाची मर्यादा घालण्याची वेळ येऊ शकते. जग खवळले. त्याच महिन्यात ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अशक्तपणा मोजण्याच्या मोजपट्टीवर निर्णय घ्यायला सांगितले. या पट्टीवर जन्मजात अपंग माणसे उगाचच खाली जातात, अशी ओरड होताच पाच दिवसांत दुरुस्ती केली. जर्मनीत अपंग नागरिक थेट घटना न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2021 मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला की टंचाईच्या वेळी अपंगांवर अन्याय होऊ नये यासाठी संसदेने कायदा केलाच पाहिजे. या तिन्ही ठिकाणी चुका झाल्या, शिव्या बसल्या, दुरुस्त्या झाल्या. लिहिले होते म्हणून चूक दिसली. आपल्याकडे चूक दिसत नाही, कारण आपण लिहीतच नाही! रणांगणावरच्या जखमींचा क्रम लावण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातल्या डॉमिनिक लारे नावाच्या शल्यवैद्याने घालून दिली. त्याचा दंडक होता की हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. शिपायाची जखम खोल असेल तर सेनापती थांबेल. या गोष्टीला दोनशे वर्षे होऊन गेली. आपल्या राजधानीत अजून हुद्दाच आधी विचारतात.

आपल्याकडे साथीचा कायदा नाही असे नाही. आहे. तो आपल्याच मुंबई-पुण्याच्या प्लेगपायी 4 फेब्रुवारी 1897 रोजी झाला. चार कलमांचा चिमुकला कायदा; पण त्यात सरकारला हवे ते करण्याची मुभा. त्या मुभेच्या जोरावर पुढे पुण्यात प्लेग कमिशनर रँडचे सोल्जर देवघरापर्यंत बूट घालून शिरले आणि त्याचे काय झाले हे मराठी माणसाला सांगायला नको. तोच कायदा 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला. घर सील करता येते, गाडी अडवता येते, माणूस कोंडता येतो. डॉक्टरवर हात उगारणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचे कलम नव्याने जोडले, हे उत्तमच. पण रुग्णाला काय मिळाले पाहिजे आणि टंचाईत कोणत्या क्रमाने मिळाले पाहिजे, याबद्दल या सव्वाशे वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडात एक अक्षर नाही. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी, त्यानंतर पाचच आठवड्यांनी, 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घालून त्या हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात घेऊन आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. त्यांनी कायदा वाचला नव्हता, मुलाची जात विचारली नव्हती, बापाचा हुद्दा विचारला नव्हता. साथीत राज्याने कसे वागावे याचे दोन धडे त्या एका वर्षात पुण्याने देशाला दिले. सरकारांनी रँडचा उचलला.

आता एक कडू गोष्ट, जी बोलताना चांगलेचुंगले लोकही आवाज खाली आणतात. खाट देणे हा अर्धा प्रश्न. दिलेली खाट कधी काढून घ्यायची हा उरलेला. ज्याच्या शरीराने सारी आशा सोडली आहे त्याचे यंत्र थांबवून ते बचावू शकेल अशा माणसाला द्यावे का? केईएमच्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यापासून, म्हणजे 2011 पासून, सर्वोच्च न्यायालय या वाटेवर अडखळत चालले आहे. 2018 च्या ‘कॉमन कॉज’ निवाड्याने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण वाटेत इतकी मंडळे, इतके शिक्के, जिल्हाधिकारी आणि दंडाधिकारी उभे केले की साथ तर सोडाच, शांततेच्या काळातही ती वाट कोणी चालू धजेना. जानेवारी 2023 मध्ये ती थोडी सोपी केली. म्हणजे लाटेच्या ऐन भरात डॉक्टरला कायद्याच्या वाटेने यंत्र वेळेत थांबवता येत नव्हते आणि जगण्याची आशा असलेल्याला ते देताही येत नव्हते. मग काय होते हे रुग्णालयात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नातेवाइकांना बाजूला घेऊन हळूच सांगायचे, ‘आता घरी नेलेत तर बरे’. कागदावर ‘डामा’ लिहायचे, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सोडून गेले. आणि सही बापाची घ्यायची. निर्णय डॉक्टरचा, टंचाई सरकारची, सही बापाची! आयुष्यभर त्या बापाला वाटत राहणार की पोराला मीच मारले.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतात, असा नियम कायद्यात घातला तर उद्या प्रत्येक मृत्यूमागे वकील उभा राहील. आम्ही म्हणतो, वकील आजही उभा राहतो, काठ्या घेऊन नातेवाईकही उभे राहतात, आणि तुमच्या हातात दाखवायला एक कागद नसतो. पंडित म्हणतात, जीव तोलता येत नाहीत. खरे आहे, म्हणूनच ते अंधारात तोलू नयेत. डाव्या विचारांचे आमचे मित्र म्हणतात, वाटणीचे नियम कसले करता, खाटा वाढवा! यांचे म्हणणे आम्हाला सगळ्यांत जास्त पटते, आणि तरीही ते अपुरे आहे. खाटा दुप्पट केल्या तरी पुढची साथ तिप्पट रुग्ण आणील त्या रात्री काय? नियम हा टंचाईचा बचाव होता कामा नये, हे मात्र त्यांचे बरोबर. म्हणून आमच्या मते त्या कायद्यातच असे घाला की क्रम लावण्याचा हुकूम ज्या दिवशी लागू होईल त्या दिवशी मुख्यमंत्र्याने आणि आरोग्यमंत्र्याने आपल्या सहीने जाहीर करावे की आम्ही आमच्या नागरिकांना पुरेशा खाटा देऊ शकलो नाही. ती सही करायची लाज वाटावी, यासाठीच ती हवी.

बाकीचे फार अवघड नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि क्रम लावणारा डॉक्टर वेगळे ठेवा; जो रुग्णाचा हात धरून बसला आहे त्याच्याच हातात फासा देऊ नका. क्रम लावणारे तिघे असोत, त्यांत एक बाहेरच्या रुग्णालयाचा असो, आणि त्यांच्यासमोर येणाऱ्या कागदावर नाव, आडनाव, पत्ता, व्यवसाय यांपैकी काहीही नसो. केवळ रक्तातल्या वायूचे आकडे, अवयवांची अवस्था, आधीचे आजार. आडनाव झाकले की आपल्या देशात निम्मा अन्याय आपोआप झाकला जातो, हे वेगळे सांगायला नको. अपंगत्व हा आजार धरला जाऊ नये. दोघे सारखेच उतरले तर चिठ्ठ्या टाकाव्यात. देवळात कौल लावणाऱ्या समाजाला चिठ्ठीचा न्याय समजत नाही असे नाही. प्रत्येक निर्णय लिहिला जावा, दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाहिला जावा, आणि आलेला प्रत्येक शिफारशीचा फोन, कोणाचा आणि किती वाजता, त्याच वहीत लिहिला जावा. एवढे एकच कलम आले तरी फोनांची संख्या एका रात्रीत निम्म्यावर येईल! दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद यांची खाटांची यादी एकच असावी, आणि ती चालवणाऱ्याला राज्याच्या हद्दी दिसू नयेत. आणि ज्याला खाट मिळणार नाही, त्याला वाऱ्यावर सोडू नका. गुदमरणाऱ्याला मॉर्फिन देता येते. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात त्यासाठी दुरुस्तीही झाली आहे. त्याच्या उशाशी एक माणूस बसवता येतो, घरच्यांशी एकदा बोलणे करून देता येते. निवडीत मागे पडलेला माणूस हा टाकलेला माणूस नव्हे.

हे सगळे करायचे तर आधी खरे बोलावे लागेल, आणि तिथेच आपली सरकारे अडतात. 23 आणि 24 एप्रिल 2021 च्या मधल्या रात्री रोहिणीच्या जयपूर गोल्डन रुग्णालयात वीसएक रुग्ण गेले. रुग्णालय म्हणाले, प्राणवायूचा दाब पडला. दिल्ली सरकारच्या समितीने अहवाल दिला की मृत्यू श्वसनक्रिया निकामी झाल्याने झाले. विहिरीत पडलेल्याचा पंचनामा करताना ‘नाकातोंडात पाणी गेल्याने मृत्यू’ एवढेच लिहावे आणि विहिरीवर कठडा का नव्हता हे विचारूच नये, अशातली ही गत! 20 जुलै 2021 रोजी राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही. उत्तर अक्षरशः खरे होते. राज्यांनी कळवले नव्हतेच. पण उत्तर देणाऱ्या बाई नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार, आणि त्यांच्याच नाशकात तीनच महिन्यांपूर्वी, 21 एप्रिलला, झाकीर हुसेन रुग्णालयातली टाकी गळून व्हेंटिलेटर आणि प्राणवायूवरचे 22 रुग्ण त्याच दिवशी गेले होते. मेमध्ये गोव्यात, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पहाटे दोन ते सहा या वेळेतच रुग्ण का मरतात, असा प्रश्न खुद्द राज्याचे आरोग्यमंत्री विचारत होते. दिल्लीपासून बांबोळीपर्यंत माणसे मेली आणि कारणाचा रकाना कोरा राहिला. दिल्ली सरकारने या मृत्यूंच्या चौकशीसाठी समिती नेमू म्हटले तर नायब राज्यपालांनी ती नाकारली. दोघांना मिळून सत्य नको होते, की एकालाच, याचा निवाडा वाचकांनी करावा.

आणि कोणी म्हणेल, झाली ती साथ, गेले ते दिवस. कोठे गेले? जानेवारी 2024 मध्ये दिल्लीत एक जखमी माणूस एका रात्रीत एकामागून एक सरकारी रुग्णालयांच्या दारात नेला गेला. कुठे व्हेंटिलेटर नव्हता, कुठे सीटी स्कॅन, कुठे खाट. तो मेला. तेव्हा साथ नव्हती. उच्च न्यायालयाने डॉ. एस. के. सरीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी 2025 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल दिल्ली विधानसभेत ठेवला गेला: तपासलेल्या 27 रुग्णालयांपैकी 14 मध्ये आयसीयूच नाही, आठांत प्राणवायूच्या पुरवठ्याची सोय नाही. ज्या शहराने 2021 चा एप्रिल पाहिला, त्या शहराची ही कागदोपत्री प्रकृती आहे.

दिल्ली विधानसभेत या अहवालावर सत्ताधाऱ्यांनी मागच्या सरकारच्या नावाने शिमगा केला, आणि मागचे सरकार केंद्राच्या नावाने करत आले आहे. पुरे झाला तो. पुढच्या अधिवेशनात क्रमनिश्चितीचे विधेयक मांडा, शेजारच्या दोन्ही राज्यांना सोबत घेऊन मांडा. आणि त्याआधी जुन्या नोंदवह्या उघडा: जयपूर गोल्डनच्या, नाशकाच्या, बांबोळीच्या. सुरुवात बत्रापासून करा. त्या शनिवारी गेलेल्या बाराही जणांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून काय लिहिले आहे, ते त्यांच्या घरच्यांना बोलावून, समोर बसवून, वाचून दाखवा.